विमानाचा अँटेना आलेखावर जुळला म्हणजे झाले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विमानांच्या उपग्रह-आधारित दिशादर्शनात येणाऱ्या अडथळ्यांविषयी गेली दोन-तीन वर्षे वृत्तपत्रांतून सातत्याने लिहिले जात आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, अमृतसर अशा विमानतळांच्या परिसरात असे प्रकार नोंदले गेल्याचे केंद्र सरकारने डिसेंबर २०२५मध्ये संसदेतही सांगितले. या चर्चेत उपग्रहांचा, सॉफ्टवेअरचा, सायबर सुरक्षेचा उल्लेख होतो. पण ज्या वस्तूतून प्रत्येक संदेश विमानात शिरतो आणि विमानाबाहेर पडतो त्या अँटेनाविषयी क्वचितच काही वाचायला मिळते. माझी सारी नोकरी विमानांच्या रेडिओ आणि दिशादर्शन यंत्रणांच्या देखभालीत गेली आणि निवृत्तीनंतर मी अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्पांचा बाह्य परीक्षक म्हणून जातो. या दोन्ही बाजू जवळून पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. आकाराने लहान आणि गरजेप्रमाणे स्वतःची रचना बदलू शकणारा, म्हणजे रिकॉन्फिगरेबल, विमान-अँटेना हा आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातला विषय आहे. मात्र आज तो ज्या रीतीने हाताळला आणि तपासला जातो, त्या रीतीने विमानावर बसवता येईल असा अँटेना त्यातून निघणे कठीण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवासी विमानाच्या धडावर, पोटावर आणि शेपटीत किती अँटेना असतात याची सर्वसामान्य वाचकाला सहसा कल्पना नसते. नियंत्रण कक्षाशी बोलण्यासाठी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील व्हीएचएफ रेडिओ, तेही बहुतेक वेळा दोन किंवा तीन, समुद्रावरून जाताना लागणारा एचएफ रेडिओ, धावपट्टीशी रेषा जुळवून देणारा १०८ ते ११२ मेगाहर्ट्झचा लोकलायझर आणि उतरण्याचा कोन दाखवणारा ३३० मेगाहर्ट्झच्या आसपासचा ग्लाइड स्लोप, रडारच्या प्रश्नाला १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देणारा ट्रान्सपाँडर, ज्याचा एक अँटेना वर आणि एक खाली असतो, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर ऐकणारा जीपीएस, ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर जमिनीपासूनची उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर. शिवाय उपग्रह-संपर्क आणि नाकातले हवामान रडार. यांतल्या प्रत्येकाला स्वतःची जागा लागते, स्वतःची केबल लागते आणि शेजारच्यापासून पुरेसे अंतर लागते. मोठ्या विमानाच्या धडावर ही सोय कशीबशी होते. बारामती किंवा गोंदियाच्या आकाशात दिसणाऱ्या चार आसनी प्रशिक्षण विमानावर, हेलिकॉप्टरवर किंवा मध्यम आकाराच्या ड्रोनवर ती होता होत नाही.

शिवाय प्रत्येक अँटेना म्हणजे विमानाच्या पत्र्याला पाडलेले एक छिद्र असते. त्या छिद्राभोवती आतून जोडपत्रा रिव्हेट करावा लागतो, बाहेरून सीलंट भरावे लागते, आणि उभे पाते वाऱ्यात राहिले की हवेचा विरोध वाढून इंधन जास्त जाते. कोकणपट्टीतला पावसाळा काढलेल्या विमानाचा पोटावरचा व्हीएचएफ अँटेना उघडला, की सीलंटच्या केसाएवढ्या भेगेतून शिरलेले पाणी आणि तळपट्टीखाली जमलेली ॲल्युमिनियमच्या गंजाची पांढरी भुकटी अनेकदा दिसते. अँटेनाची तळपट्टी आणि पत्रा यांच्यातला विद्युत रोध अडीच मिलिओहमच्या आत असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. ही भुकटी तो रोध कित्येक पटींनी वाढवते. वैमानिकाची तक्रार मात्र वेगळ्याच भाषेत येते. विमान एका बाजूला वळले की नियंत्रण कक्ष स्पष्ट ऐकू येतो आणि दुसऱ्या बाजूला वळले की आवाज फाटतो, असे तो लिहितो. मग रेडिओचा डबा बदलला जातो, हेडसेट बदलला जातो आणि दोष खाली पत्र्यावर तसाच राहतो. अँटेनांची संख्या आणि उंची कमी करण्याचे महत्त्व देखभाल करणाऱ्यांना कुणी समजावून सांगावे लागत नाही, ते यामुळेच.

मग अँटेना सरळ लहानच का करत नाहीत, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो योग्य आहे. व्हीएचएफ पट्ट्याच्या मध्यावर तरंगलांबी सुमारे २.३५ मीटर असते, त्यामुळे पाव तरंगलांबीचा साधा अँटेना जवळजवळ ५९ सेंटीमीटर उंच होतो. तो वाकवून, गुंडाळून, वर पट्टी जोडून बुटका करता येतो; पण निसर्ग त्याची किंमत वसूल करतो. हॅरोल्ड व्हीलर यांनी १९४७मध्ये आणि एल. जे. चू यांनी १९४८मध्ये दाखवून दिले, की अँटेना तरंगलांबीच्या मानाने जितका लहान तितका तो ज्या पट्ट्यात नीट काम करतो तो पट्टा अरुंद होतो, आणि ही मर्यादा कारागिरीने ओलांडता येत नाही. चू यांचे सूत्र वापरून पत्र्यावरच्या १२ सेंटीमीटर उंचीच्या अँटेनाचे गणित केले, तर अगदी आदर्श परिस्थितीतही स्वीकारार्ह जुळणीचा, म्हणजे पाठवलेली बहुतेक शक्ती परत न येता अँटेनात शिरते असा, पट्टा जेमतेम अडीच-पावणेतीन मेगाहर्ट्झ भरतो. विमानाला हवा असतो १९ मेगाहर्ट्झचा. प्रत्यक्ष अँटेनाचा पट्टा चू यांच्या मर्यादेहूनही अरुंद असतो.

ही अडचण सोडवण्याची एक वाट खोटी आहे आणि एक खरी. खोटी वाट अशी, की अँटेनात कुठेतरी रोध घालायचा. रोध घातला की पट्टा रुंदावतो, जुळणीचा आलेख सुंदर दिसतो, आणि रेडिओची शक्ती आकाशात जाण्याऐवजी अँटेनातच उष्णता होऊन संपते. निम्मी शक्ती अशी गेली, तर संदेश पोहोचण्याचे अंतर, क्षितिजाची मर्यादा आड येत नसेल तिथे, सुमारे ७० टक्क्यांवर येते. खरी वाट रेडिओच्या वापराच्या पद्धतीतूनच सापडते. पट्टा १९ मेगाहर्ट्झचा असला तरी वैमानिक एका वेळी एकाच वाहिनीवर बोलतो, आणि ती वाहिनी फक्त २५ किलोहर्ट्झ रुंद असते. युरोपात तर ती ८.३३ किलोहर्ट्झवर आणली आहे. म्हणजे अँटेनाने संपूर्ण पट्टा सतत उघडा ठेवण्याची गरजच नाही. आत्ता ज्या वाहिनीवर बोलणे चालू आहे तेवढ्यापुरता तो जुळलेला असला आणि वैमानिकाने वाहिनी बदलताच तोही सरकला, म्हणजे पुरे. जुन्या रेडिओचा काटा जसा स्थानकावर नेऊन ठेवायचा, तसा इथे अँटेनाच नेऊन ठेवायचा. रिकॉन्फिगरेबल अँटेनामागचा मूळ विचार हा आहे आणि विमानाच्या व्हीएचएफ संपर्काला तो जितका चपखल बसतो तितका फार थोड्या ठिकाणी बसत असेल.

हे सरकणे साधण्यासाठी अँटेनाच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक स्विच किंवा बदलते कपॅसिटर बसवतात. पिन डायोड थोडा विद्युतप्रवाह दिला की जोडणी पूर्ण करतो आणि काढला की तोडतो, त्यामुळे वाहणाऱ्या प्रवाहाची वाट लांब किंवा आखूड होते. व्हॅरॅक्टर डायोडची धारकता त्याला दिलेल्या व्होल्टेजप्रमाणे बदलते, म्हणून त्याने पायऱ्यांऐवजी सलग सरकता येते. सूक्ष्म यांत्रिक स्विच, ज्यांना आरएफ मेम्स म्हणतात, ते सिग्नल जवळजवळ न बिघडवता जोडतात. पण त्यांना चालवायला पुष्कळदा वीस-तीस किंवा त्याहून अधिक व्होल्ट लागतात आणि त्यांची पाती चिकटून बसण्याचा धोका असतो. ही विद्या आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. आपल्या खिशातला मोबाइल चौथ्या आणि पाचव्या पिढीचे अनेक पट्टे एवढ्याशा जागेत सांभाळतो, त्यामागे अँटेनाला लावलेल्या अशाच स्विचांचा मोठा हात आहे. लष्करी विमानांत तर ही गरज अधिक तीव्र आहे. सॉफ्टवेअर-आधारित रेडिओचा एकच डबा ३० ते ४०० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू शकतो आणि त्याच्या बाहेर लावलेल्या अँटेनाला त्याच्याबरोबर तेरापट पसरलेल्या पट्ट्यात धावावे लागते. डबा बदलला, अँटेना तसाच राहिला, अशी अवस्था अनेक जुन्या विमानांच्या आधुनिकीकरणात येते.

इथपर्यंत सारे महाविद्यालयीन प्रकल्प येतात आणि इथेच थांबतात. परीक्षक म्हणून माझ्यासमोर येणाऱ्या प्रकल्पाचे चित्र बहुधा ठरलेले असते. हिरव्या एफआर-४ या साध्या सर्किट-पट्टीवर कोरलेला हाताच्या पंजाएवढा पॅच, म्हणजे चपटा अँटेना, त्यावर मोहरीच्या दाण्याएवढे एक-दोन पिन डायोड, त्यांना बॅटरी जोडणाऱ्या लाल-काळ्या तारा आणि नेटवर्क ॲनलायझरच्या पडद्यावर उणे दहा डेसिबलच्या खाली उतरलेला एस-११चा, म्हणजे परत येणाऱ्या शक्तीच्या मापाचा, खळगा. वारंवारता बहुतेक वेळा २.४ गिगाहर्ट्झ. डायोड चालू केला की खळगा डावीकडे सरकतो, बंद केला की उजवीकडे, आणि मुलांच्या चेहऱ्यावर खरे समाधान असते. या कामात कष्ट असतात, हे मी मनापासून मान्य करतो. मी त्यांना एकच विनंती करतो, की त्या बॅटरीच्या तारा बोटांनी जरा हलवून पाहा. खळगा तारांबरोबर हलतो, कारण त्या ताराच अँटेनाचा भाग होऊन प्रक्षेपण करत असतात. चोक, म्हणजे उच्च वारंवारता अडवणारे वेटोळे, घालून त्या वेगळ्या काढण्याची दक्षता सिम्युलेशनमध्ये कुणी घेतलेली नसते, कारण सिम्युलेशनमध्ये तारा नसतातच.

यापेक्षा मोठा दोष एस-११ या एकाच मापावर समाधान मानण्याचा आहे. एस-११ एवढेच सांगतो की अँटेनाकडे पाठवलेली किती शक्ती परत आली. जी परत आली नाही ती आकाशात गेली की पट्टीत जिरली, याविषयी तो काहीही सांगत नाही. पन्नास ओहमचा साधा डमी लोड नेटवर्क ॲनलायझरला जोडला, तर त्याचा एस-११ कुठल्याही अँटेनापेक्षा उत्तम येतो आणि त्यातून एक शब्दही प्रक्षेपित होत नाही. लहान अँटेनांच्या बाबतीत हा मुद्दा जिव्हाळ्याचा आहे, कारण शक्ती जिरवून पट्टा रुंद दाखवण्याचा मोह तिथेच सर्वाधिक असतो. असे असूनही कार्यक्षमतेचे मोजमाप नसलेले प्रकल्प उत्तम श्रेणीत उत्तीर्ण होतात आणि पुढे त्यांचेच शोधनिबंध छापले जातात. प्रक्षेपण-कार्यक्षमता मोजल्याशिवाय लहान अँटेनाचा प्रकल्प पूर्ण झाला असे विद्यापीठांनी मानू नये, ही माझी पहिली आणि आग्रहाची सूचना आहे. तिला खर्चही फारसा नाही. अँटेनावर योग्य आकाराचे धातूचे टोपण ठेवून आणि काढून दोन मापे घ्यायची, ही व्हीलर यांनीच सुचवलेली पद्धत कुठल्याही महाविद्यालयात होऊ शकते.

दुसरी गोष्ट शक्तीची. २.४ गिगाहर्ट्झवर मिलिवॅटमध्ये चाचणी केलेला डायोड विमानात चालेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. मोठ्या विमानातला व्हीएचएफ रेडिओ साधारण २५ वॅटची वाहक लहर सोडतो आणि विमानातले बोलणे आजही एएम पद्धतीचे असल्याने पूर्ण मॉड्युलेशनच्या क्षणी ही शक्ती चौपट, म्हणजे १०० वॅट होते. पन्नास ओहमच्या केबलवर त्या वेळी शंभर व्होल्टचे शिखर असते, आणि लहान, अरुंद पट्ट्याच्या अँटेनाच्या आत अनुनादामुळे ते आणखी कितीतरी वर जाते. व्हॅरॅक्टरची धारकता या झोक्यांबरोबरच हेलकावू लागते. पिन डायोडमध्ये वेगळी अडचण आहे. उच्च वारंवारतेसाठी बनवलेल्या डायोडमधील विद्युतभारांचे आयुष्य अल्प असते, त्यामुळे १२० मेगाहर्ट्झसारख्या तुलनेने संथ लहरीला तो स्विचसारखा न वागता रेक्टिफायरसारखा वागू लागतो आणि लहरीचा आकार बिघडवतो. प्रयोगशाळेत उत्तम ठरलेला भाग कमी वारंवारतेला नापास होतो, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत असते आणि विद्यार्थी ती ओलांडून जातात.

या बिघडलेल्या लहरीचा परिणाम कुठे होतो, हे एका उदाहरणाने सांगतो. १२१.२०० मेगाहर्ट्झला १३ने गुणले तर १५७५.६ मेगाहर्ट्झ येतात; १३१.२७५ला १२ने गुणले तर १५७५.३. जीपीएसचे स्थान १५७५.४२. म्हणजे व्हीएचएफ रेडिओच्या लहरीत तेरावा किंवा बारावा गुणक थोडासा जरी शिल्लक राहिला, तरी तो थेट जीपीएसच्या कानात जाऊन बसतो. १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० या सहा वाहिन्यांवर प्रक्षेपण करून जीपीएस टिकतो की नाही हे तपासण्याची पद्धत विमानांत जीपीएस बसवताना म्हणूनच पाळली जाते. जमिनीवर पोहोचणारी जीपीएसची शक्ती दहाच्या उणे सोळाव्या घाताएवढ्या वॅटच्या घरात असते. रेडिओच्या डब्यात गाळणी असते, पण डायोड अँटेनावर, म्हणजे गाळणीच्या पुढे बसवला, तर त्याने निर्माण केलेले गुणक अडवायला वाटेत काहीच उरत नाही. बाहेरून होणाऱ्या हस्तक्षेपाबद्दल आपण चिंता करतो आहोत, ती रास्त आहे. त्याच वेळी आपणच बसवलेला नवा अँटेना स्वतःच्या विमानाचा जीपीएस बुजवणार नाही, हे पाहणे अभियंत्याचे पहिले कर्तव्य ठरते.

तिसरी गोष्ट बिघाडाची, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. साधे धातूचे पाते वीज नसली तरी पातेच राहते. रिकॉन्फिगरेबल अँटेनाला मात्र नियंत्रण-व्होल्टेज लागते, आणि ते गेले तर अँटेना कुठल्या स्थितीत जाऊन थांबेल हा प्रश्न आरेखनाच्या पहिल्याच दिवशी विचारायला हवा. माझे म्हणणे असे, की व्होल्टेज शून्य असताना व्हीएचएफ अँटेना आपोआप १२१.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय आणीबाणीच्या वाहिनीवर जुळलेला असला पाहिजे. वीज गेलेल्या, बॅटरीवर चाललेल्या विमानातून वैमानिक मदत मागेल ती त्याच वाहिनीवर. आरेखनात ही अट घालणे अवघड नाही, फक्त ती आधी ठरवावी लागते, कारण स्विचांची मांडणी तिच्याभोवती करावी लागते. आजपर्यंत मी पाहिलेल्या प्रकल्प-अहवालांत ‘बिघाड झाल्यास’ असे प्रकरण मला आढळलेले नाही. याच संदर्भात आणखी एक दक्षता सांगावीशी वाटते. विमान एका रेडिओवर नियंत्रण कक्षाशी बोलत असताना दुसऱ्यावर १२१.५ ऐकत असते. दोन्ही रेडिओंना मिळून एकच सरकणारा अँटेना देण्याची कल्पना जागा वाचवते म्हणून आकर्षक वाटते, पण तो एका वाहिनीवर सरकला की दुसरी बहिरी होते. ती कल्पना व्हीएचएफ संपर्कापुरती तरी सोडून द्यावी.

तापमानाचाही विचार व्हावा. मे महिन्यात नागपूरच्या धावपट्टीवर उभ्या विमानाचा पत्रा हात लावू न देण्याइतका तापतो आणि अर्ध्या तासात तेच विमान ११ किलोमीटरवर उणे ५६ अंशांत असते. डायोडची धारकता चार टक्क्यांनी बदलली, तर अनुनाद दोन टक्के सरकतो, म्हणजे अडीच मेगाहर्ट्झ. आपल्या १२ सेंटीमीटरच्या अँटेनाचा सगळा पट्टाच तेवढा आहे. त्यामुळे परत येणारी शक्ती सतत मोजून स्वतःला सुधारणारी नियंत्रण-जोडणी ही चैन नसून आवश्यकता आहे. कंपन, बर्फ, वीज पडणे यांच्या चाचण्या आरटीसीए या अमेरिकी संस्थेच्या डीओ-१६० या मानकात सविस्तर दिल्या आहेत. निदान ते मानक विद्यार्थ्यांनी एकदा वाचावे.

विमानाच्या अंगावर अँटेना बसवल्यावर त्याचे प्रक्षेपण कसे बदलते, हे पाहण्याची सोय नाही, अशी अडचण प्राध्यापक सांगतात आणि ती खरी आहे. १२० मेगाहर्ट्झवर चालेल एवढे मोठे अनेकोइक चेंबर, म्हणजे लहरी शोषणाऱ्या भिंतींची चाचणी-खोली, महाविद्यालयांकडे असणे शक्य नाही, कारण अडीच मीटर लांबीची लहर शोषायला भिंतीवरचे शंकूही तसेच मोठे लागतात. यावर जुना आणि सिद्ध उपाय लहान प्रारूपाचा आहे. विमान दहाव्या हिश्श्याएवढे लहान करायचे आणि वारंवारता दहापट वाढवायची. आपल्याकडच्या प्रशिक्षण संस्थांत सर्रास दिसणाऱ्या सेसना १७२च्या पंखांचा विस्तार ११ मीटर आहे, म्हणजे प्रारूप १.१ मीटरचे होईल. सुतारकामातून लाकडी सांगाडा करावा, त्यावर तांब्याचा पातळ पत्रा सुरकुत्या न ठेवता चिकटवावा, सहा सेंटीमीटरच्या आतला अँटेना कधी पाठीवर, कधी पोटावर, कधी शेपटीजवळ लावावा आणि १.१८ ते १.३७ गिगाहर्ट्झमध्ये तो टर्नटेबलवर फिरवून मोजावा. एवढ्या वारंवारतेची सोय अनेक प्रयोगशाळांत आहे. पोटावरच्या अँटेनाला चाकांची दांडी कुठे आड येते, पंख कोणत्या कोनात आवाज तोडतात, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, आणि वळणात आवाज फाटतो या वैमानिकाच्या तक्रारीचा अर्थही तेव्हा कळेल. कार्बन तंतूंचे धड असलेल्या विमानांसाठी, जशी बोइंग ७८७ वजनाने निम्मी अशा संमिश्र पदार्थांची आहे, पत्र्याच्या जागी काय धरायचे हा पुढचा अभ्यासही त्याच प्रारूपावर होऊ शकेल.

आता उपग्रह-दिशादर्शनातील हस्तक्षेपाकडे येतो. तिथे वारंवारता बदलण्यापेक्षा अँटेनाच्या कानाची दिशा बदलणे उपयोगी पडते. चार किंवा सात लहान पॅच एकत्र मांडून त्यांच्या सिग्नलांचे वजन आणि कला (फेज) अशा बदलायच्या, की ज्या दिशेने जोरदार खोटा सिग्नल येतो त्या दिशेला अँटेना बहिरा व्हावा आणि उरलेल्या आकाशातले उपग्रह ऐकू येत राहावेत. सीआरपीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अँटेनात घटकांच्या संख्येपेक्षा एकने कमी इतक्या दिशा बंद करता येतात, चार घटकांत तीन, सातांत सहा. अशा अँटेना लष्करी वापरात फार पूर्वीपासून आहेत आणि त्यांच्या निर्यातीवर बंधनेही आहेत, त्यामुळे हे काम आपले आपल्यालाच करावे लागेल. इथेही आकाराचा प्रश्न आडवा येतोच. जीपीएसची अर्धी तरंगलांबी साडेनऊ सेंटीमीटर असल्याने सात घटकांची थाळी तीसेक सेंटीमीटर व्यासाची होते. घटक जवळ आणले तर ते एकमेकांत मिसळू लागतात, आणि बंद केलेली दिशा इतकी पसरते की तिच्यात चांगले उपग्रहही गिळले जातात. लहान विमानावर बसेल असा, जीपीएसबरोबर नाविक या आपल्या उपग्रह-दिशादर्शन प्रणालीचाही ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल-५ सिग्नल ऐकणारा चार घटकांचा अँटेना, हा पदव्युत्तर अभ्यासाचा अतिशय सकस विषय आहे.

महाराष्ट्रात यासाठी लागणारी माणसे आणि जागा आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मायक्रोवेव्ह विभागातून वाढलेली आणि १९८४मध्ये स्वतंत्र झालेली समीर ही संस्था मुंबईत आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. गिरीश कुमार यांच्यासारख्यांनी मायक्रोस्ट्रिप अँटेनांचा पट्टा रुंदावण्यावर दीर्घकाळ काम केले आहे. पुण्यात गिरीनगरला संरक्षण प्रगत तंत्रज्ञान संस्था आहे. ओझरच्या एचएएल कारखान्यातून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ एने उड्डाण केले. नाशिकहून पुण्याला किंवा मुंबईला जाणे हा आता काही तासांचा प्रवास आहे. पण ओझरच्या हँगरमधले अभियंते आणि दहा-वीस किलोमीटरवरच्या महाविद्यालयातले विद्यार्थी यांची गाठ औद्योगिक भेटीच्या एका दिवसापलीकडे पडत नाही. विद्यार्थ्यांना गोपनीय काही दाखवावे असे माझे म्हणणे नाही. सेवेतून काढलेल्या विमानाच्या धडाचा एक मीटर-दीड मीटरचा पत्रा, त्यावरची जुनी अँटेना-तळपट्टी आणि जोडपत्रा यांसह महाविद्यालयाला दिला, तर त्यात गोपनीयतेचा भंग होत नाही आणि मुलांना खरा ग्राउंड प्लेन, म्हणजे अँटेनाखालचा वाहक पत्रा, मिळतो. सार्वजनिक निधीतून उभ्या राहिलेल्या चाचणी-प्रयोगशाळांनी वर्षातले काही दिवस विद्यार्थ्यांच्या अँटेनांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावेत. आज व्यावसायिक दराने एका दिवसाची चाचणी घेणे बहुतेक विद्यार्थ्यांना परवडत नाही आणि म्हणून अहवालात सिम्युलेशनची रंगीत चित्रे मोजमापाची जागा घेतात.

प्रकल्पाची विषयसूची ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे, की ‘बहुउपयोगी रिकॉन्फिगरेबल अँटेना’ अशा मोघम शीर्षकाला मान्यता देऊ नये. त्याऐवजी विमान कोणते, अँटेना कुठे बसणार, उंची किती चालेल, शक्ती किती, वीज गेल्यावर कुठल्या वाहिनीवर थांबणार, या पाच प्रश्नांची उत्तरे प्रस्तावातच मागावीत. विद्यार्थ्यांना ती पहिल्या दिवशी देता येणार नाहीत, ती शोधण्यासाठी त्यांना हँगरमध्ये जावे लागेल, तंत्रज्ञांशी बोलावे लागेल आणि सीलंटखालची पांढरी भुकटी पाहावी लागेल. माझ्यासारखे निवृत्त तंत्रज्ञ आणि अभियंते नाशिक, पुणे, मुंबई, नागपूर या शहरांत बऱ्याच संख्येने आहेत. कुठल्याही महाविद्यालयाने बोलावल्यास यांतले अनेकजण मानधनाची अपेक्षा न ठेवता येतील, अशी मला खात्री आहे. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे प्रकल्प जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात, तत्पूर्वी विद्यापीठांनी याचा विचार करावा, एवढ्यासाठी हे पत्र आपल्या दैनिकातून प्रसिद्ध व्हावे ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विमान-रेडिओ अभियंता, नाशिक